तिसरा क्लॅरनेट

काल सकाळी साखर कारखान्याचा भोंगा झाला आणि मी चहाचा कप तसाच ठेवून खिडकी लावायला उठले. खिडकीपाशी पोहोचल्यावर लक्षात आलं, की लावायचं काही कारणच नाही. माइक नाही, रेकॉर्डिंग नाही, खुर्चीत बूट घालून बसलेले आप्पा नाहीत. ते परसात म्हशीला वैरण टाकत होते. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात ही सवय हाताला लागली, ती अजून सुटलेली नाही. स्वतःलाच हसत मी परत येऊन गार चहा प्यायले.

आमचं घर इस्लामपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला चिकटून आहे. भोंगा झाला की गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते, मोळी पडली की गळीत सुरू होतं, आणि मग चार महिने आमच्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही, कारण ऐकूच येत नाही. उसाच्या ट्रॉल्या दारावरून जातात, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला वाटतं की आपल्याला आवडलेलं गाणं तालुक्याला ऐकवलंच पाहिजे. हवेत मळीचा वास असतो. रस्त्याच्या कडेला उसाच्या शेंड्यांचं वाढं पडलेलं असतं, त्यावर शेळ्या तुटून पडतात. दोरीवर पांढरं काही वाळत घालायची सोय नसते, चिमणीची काजळी नेमकी त्यावरच उतरते. घरात बसून आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर याहून वाईट जागा आणि याहून वाईट ऋतू शोधून सापडणार नाही. मी तोच धरला. खरं तर मी नाही, आप्पांच्या दातांनी धरला.

आप्पा फौजेत होते. हे सांगितलं की ऐकणारा जरा सावरून बसतो आणि कुठल्या आघाडीवर होते ते विचारतो. मग सांगावं लागतं की ते बँडमध्ये होते, क्लॅरनेट वाजवायचे. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत गेलेला आहे, त्यामुळे फौजेचं कुणाला अप्रूप नाही, आणि बँडचं तर मुळीच नाही. पारावर आप्पांची चेष्टा ठरलेली. "आमी बर्फात हुबं हुतो, तवा ह्यो सर्जेराव पिपाणी फुकत हुता!" आप्पाही हसायचे. लहानपणी मला या हसण्याचा राग यायचा. उत्तर का देत नाहीत, असं वाटायचं. हवालदार होऊन पेन्शनीत आले तेव्हा एक जुना क्लॅरनेट स्वतःचा घेऊन आले, ऊस लावला, म्हशी घेतल्या, आणि रोज संध्याकाळी धारा आटोपल्या की वीस मिनिटं वाजवत राहिले. ती वीस मिनिटं आमच्या घराला घड्याळासारखी होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी उलटली आणि आप्पांचे वरचे पुढचे दात हलायला लागले. इस्लामपूरच्या डॉक्टरकडे जाऊन आले आणि पायरीवर बसून चपला काढता काढता म्हणाले, "काढाय पाह्यजेत म्हणतोय. चार. म्होरलं."

"मग काढूया की," मी म्हणाले. "कवळी बसवतील."

"कवळीवर क्लॅरनेट टिकत न्हाई गं," आप्पा म्हणाले. "वरलं दात टेकाय लागत्यात त्येला. दात गेलं की वाजवनं गेलं."

बोलून ते हात-पाय धुवायला गेले. डॉक्टरकडून त्यांनी मुदत मात्र मागून घेतली होती. आधी ऊस जाऊ दे, कारखान्याचा पट्टा पडू दे, म्हणजे गळीत संपू दे, मग या दातांचं बघू. डॉक्टर म्हणाले होते, थांबा, पण कडक काही चावू नका. म्हणजे आप्पांच्या वाजवण्याला एक हंगाम उरला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, आणि गावाने तो विषय आता कंटाळून सोडून दिला आहे. सांगायचा मुद्दा हा, की मला वेळ होता, लॅपटॉप होता, आणि कुठलीही गोष्ट उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय झोप लागत नाही असा स्वभाव होता. आप्पांचं वाजवणं जपून ठेवायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं. मोबाइलवर करून पाहिलं, तर सूर वर गेला की आवाज फाटायचा. मग एक बऱ्यापैकी माइक मागवला. आता प्रश्न एकच राहिला, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं. या एका प्रश्नाने माझा अर्धा हंगाम खाल्ला.

एक फुकट होतं, दिसायला सरकारी कचेरीसारखं करडं. एक इतकं जड, की उघडेपर्यंत भात शिजून व्हायचा. एकाच्या पडद्यावर खऱ्या यंत्रांची चित्रं होती, त्यावरची बटणं माउसने पिळायची. एकाने उघडल्या उघडल्या विचारलं, तुमचं संगीत कुठल्या प्रकारचं? खाली पन्नासेक प्रकारांची यादी होती, त्यात फौजेचा बँड नव्हता आणि भजनही नव्हतं. काही तीस दिवस वापरून बघायला मिळायची, आणि एकतिसाव्या दिवशी तोंड फिरवायची. व्हिडिओ बघावेत तर त्यातला प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळं सांगायचा, आणि शेवटी प्रत्येकाचं एकच, तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे. मला काय करायचंय ते मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. मी एका शंभरपानी वहीत तक्ता आखला. आवाज किती स्वच्छ, शिकायला किती सोपं, लॅपटॉप किती तापतो. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या परीक्षेसाठी आप्पांना दोन मिनिटं वाजवायला लावायचं.

आणि काय काय दिसलं म्हणून सांगू! आवाज ऐकायचा असतो एवढंच मला आतापर्यंत माहीत होतं, तो बघताही येतो हे त्या हंगामात कळलं. क्लॅरनेटचा खालचा सूर पडद्यावर गुबगुबीत दिसे, वरचा बारीक आणि दाट. लांबून येणारा ट्रॅक्टर आधी दिसायचा आणि मग ऐकू यायचा. एका सॉफ्टवेअरमध्ये सूर ओळखणारी सोय होती, तिने कारखान्याचा भोंगा मोजला. आप्पा म्हणाले, "बघ, आदी चढतोय, मग मदी थोडा येळ एका जागी हुबा ऱ्हातोय. तितं आपल्या क्लॅरनेटला जरासा खाली हाय त्यो." यंत्राचंही तेच म्हणणं होतं. मी थक्क झाले. आप्पांना त्यात विशेष काही वाटलं नाही. इतकी वर्षं ते रोज भोंग्याला मनातल्या मनात दुरुस्त करत आले होते.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे आमची धान्याची खोली. भिंतींना आणि खिडकीला आईच्या वाकळा टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. पायात पॉलिश केलेले बूट. घरात बूट घालून हिंडणाऱ्याला आई एरवी उभं जाळेल, पण इथे तिचा इलाज चालेना. "बूट न्हाई तर फुंक धरत न्हाई," आप्पा म्हणायचे. वाजवताना त्यांचा डावा पाय जमिनीवर पडत राहायचा, ठप, ठप, ठप. परेडच्या मैदानावरचं ते पाऊल खुर्चीत बसूनही थांबत नव्हतं. पडद्यावर सुरांच्या मध्ये काटे उगवल्यासारखी ती पावलं दिसायची. मी पायाखाली वाकळेची चौपदरी घडी घातली, तरी काटे बारीक झाले इतकंच.

"झालं का भरून?" दोन मिनिटं झाली की ते विचारायचे.

"न्हाई आप्पा. ही नुसती टेस्ट हाय."

"बरं. फौजेत बी आसंच. चार तास हुबं ऱ्हायाचं, चार मिन्टं वाजवायचं."

आईचा मात्र धीर सुटला. "ऊसतोडीची टोळी येऊन गावात ऱ्हायली बी," ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "आन् हिचं अजून निवडनंच चाललंय. तांदूळ हायत का काय ते?"

चेष्टेत बोलायची, पण मला लागायचं. खरं सांगायचं तर त्या तक्त्यात फार दिवस नवीन भर पडत नव्हती. एक सॉफ्टवेअर नक्की केलं की टेस्ट संपणार, मग खरं रेकॉर्डिंग, आणि खरं रेकॉर्डिंग म्हणजे शेवटचं. मला भीती वाटत होती. निवडत बसलं की ती दोन मिनिटं रोज पुन्हा मिळत होती. त्यापायी दातांचे दिवस खर्ची पडत होते, हे समजत असूनही मी चौथ्याचं पाचवं आणि पाचव्याचं सहावं करत राहिले.

मध्येच क्लॅरनेटच्या दोन चाव्यांतून वारा निसटायला लागला, म्हणून आम्ही मिरजेला गेलो. सतारी-तंबोऱ्यांच्या दुकानांच्या गल्लीत शेवटाला याकूबभाईंचं एवढंसं दुकान आहे. पेट्या आणि बँडची वाद्यं दुरुस्त करतात. आप्पांचा क्लॅरनेट त्यांच्याच हातात वाढलेला. त्यांनी चाव्यांखालच्या गाद्या बदलल्या, स्वतः फुंकून बघितलं, आणि तेवढ्यात मी माझं गाऱ्हाणं त्यांना ऐकवलं. सहा सॉफ्टवेअरची नावं घेतली. सोबत तक्ता नेला होता, तो दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून पाहिला आणि आदराने परत दिला.

"ताई, तुमाला किती जन बसवायचे हैत?" त्यांनी विचारलं.

"एकच. आप्पा."

"मग एका मान्साला यवडा मंडप कशाला घालता? एक सतरंजी टाका, बसवा, झालं."

इतकं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन मी त्या सहांमधलं सगळ्यात साधं, एकाच ट्रॅकचं सॉफ्टवेअर ठेवलं आणि बाकीची काढून टाकली. त्यात एक बटण होतं, ते मला फार आवडलं. रेकॉर्डिंगमधली रिकामी शांतता, त्यातल्या बारीक ठपठपीसकट, ते आपोआप कापून टाकायचं.

रविवारी दुपारी रस्ता जरा निवांत असतो. आप्पा बसले. त्यांच्या बँडची परेडची धून, जी आम्ही घरात जन्मभर ऐकत आलो, ती वाजवली. वाजवायचे, थांबायचे, पाय चालू ठेवून नुसते बसायचे, पुन्हा वाजवायचे. रोज संध्याकाळी ते असंच वाजवत, आणि मला वाटे, दमतात, श्वास घेतात. झाल्यावर मी ते बटण दाबलं. मधली सगळी शांतता गेली आणि धून एकसंध, सुटसुटीत झाली. मोठ्या ऐटीत मी हेडफोन आप्पांच्या कानाला लावले.

आप्पांनी ऐकलं. पाय एकदा पडला, दुसऱ्यांदा अडखळला, आणि थांबला. "मदली मान्सं कुटं गेली?" त्यांनी विचारलं.

"कुठली माणसं?"

"आगं, हितं सोळा पावलं मी गप हाय. तवा पयला आन् दुसरा वाजीवतोय. हितं आठ पावलं ड्रमची. ती समदी मान्सं कुटं घालीवलीस तू?"

मग त्यांनी शांतपणे, जणू हे सगळ्यांना माहीतच असतं, अशा सुरात समजावलं. बँडमध्ये क्लॅरनेट तीन तऱ्हेचे असतात. पहिला मुख्य चाल वाजवतो, लोक गुणगुणतात ती. दुसरा त्याला धरून चालतो. तिसरा खाली असतो, मध्ये मध्ये भरतो, उरलेला वेळ गप बसून पावलं मोजतो. आप्पा पहिल्या दिवसापासून पेन्शनीपर्यंत तिसरे होते. घरी येऊन ते जे वाजवत होते, तो त्यांचा वाटा होता. धून आम्ही कधी ऐकलीच नव्हती.

हे ऐकून मला काय काय आठवलं! मी पाचवीत असताना सव्वीस जानेवारीला सांगलीच्या मैदानावर पोलिसांचा बँड बघायला शाळेने नेलं होतं. बाई म्हणाल्या, ही धून तुझे वडील फौजेत वाजवतात बघ. मी ठामपणे म्हणाले, नाही, आमची वेगळी आहे. बाईंनी मला खोटारडी ठरवलं. आणि आई. आई भाकरी थापताना, धुणं आपटताना, मला झोपवताना जी एक चाल गुणगुणायची, शब्द नसलेली, मध्येच थांबणारी, तीही तीच होती. आप्पा वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे, तेव्हा बँडचा क्लॅरनेट आणून सराव करायचे. उरलेले दहा महिने आई तो सराव गुणगुणायची. तिच्या लेखी ते पुरं गाणं होतं, आणि तिच्यामुळे माझ्या लेखीही. आप्पांसमोर ती कधी गुणगुणत नसे. लाजायची की काय, कोण जाणे. मी त्या दिवशी तिला काही बोलले नाही, आणि आप्पांनाही नाही.

मी आप्पांना फक्त एवढंच विचारलं, "तुम्हाला पहिला वाजवावासा वाटला नाही कधी?"

"वाटत हुतं की." ते क्लॅरनेटचे तुकडे सुटे करून फडक्याने पुसत होते. "तीनीबी पाठ हायत मला. शेजारी बसून ऐकलंय, पाठ हुनारच. दोनदा अर्ज केला. बँडमास्तर म्हनला, सर्जेराव, पयलं लय मिळत्यात. तिसऱ्याला न चुकनारा मानूस लागतो. कौतिकच केलं म्हना." फडकं त्यांनी नीट घडी घालून डब्यात ठेवलं. "एकदा वाजवायचा हुता, पयला. आपल्याच बँडात."

आता कुठे मला कळलं की मला काय करायचं होतं. याकूबभाईंचा प्रश्न बरोबर होता, उत्तर मी चुकीचं दिलं होतं. बसवायचे होते तीन जण, आणि तिन्ही आप्पाच. जे काम दोन महिन्यांत झालं नव्हतं ते त्या संध्याकाळी एका तासात झालं. काढून टाकलेलं ते करडं, कचेरीसारखं सॉफ्टवेअर मी परत घेतलं. त्यात हव्या तितक्या ट्रॅकच्या पट्ट्या एकाखाली एक मांडता यायच्या, एक ऐकत दुसरी भरता यायची, आणि जिथे कुणी वाजवत नाही तिथे ते जवळजवळ सरळ रेघ दाखवून गप राहायचं. आप्पांना ते लगेच समजलं. ट्रॅकला ते रांग म्हणायला लागले. "तिसरी रांग आदी हुबी करायची," ते म्हणाले. "पाया भराय लागतो."

तिसरा एका दमात झाला. सोळा पावलं गप, आठ पावलं गप, सगळं जिथल्या तिथे. मग दुसऱ्यासाठी कानात तिसरा लावून बसले. पहिल्यांदा वाजवायचेच विसरले. हेडफोनमधून स्वतःचं ऐकत, मान हलवत बसले, आणि काढून म्हणाले, "ब्येस वाजीवतोय की गं ह्यो!" त्याच दिवशी चारचा भोंगा नेमका मधोमध आला. मी रेकॉर्डिंग बंद करायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि वाजवत राहिले. तो भोंगा अजून त्यात आहे, ठरल्याप्रमाणे जरासा खाली. मग आमच्या उसाला तोड आली आणि आठ-दहा दिवस आप्पा टोळीमागे शेतात अडकले. परत आले तेव्हा दूध-भाकरी कुस्करून खात होते, तीही एका बाजूने.

पहिला भरायला बसलो तेव्हा उन्हं तापायला लागली होती आणि पट्टा पडायची भाषा सुरू झाली होती. आप्पांनी दाढी केली होती. बूट दोनदा पुसले. कानात दुसरा आणि तिसरा चालू झाला, त्यांनी मोजलं, आणि पहिला सूर लावला. मी ती धून तेव्हा पहिल्यांदा आमच्या घरात ऐकली. चांगली होती. मला उगीच परकी वाटली, पण आप्पांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. पाठ ताठ, भुवया वर. पारावर हसून सोडून देणारा माणूस तो नव्हता. शेवटची बत्तीस पावलं धून वर चढते, तिथे ओठ आणि दात घट्ट दाबावे लागतात. चढता चढता सूर एकाएकी फुसका झाला. आप्पांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवला आणि तळहात तोंडावर धरला. तळहाताला रक्त होतं.

पुढच्या दोन दिवसांत दोनदा बसून पाहिलं. दोन्ही वेळा त्याच ठिकाणी सुटलं. मी म्हणाले, थोडं थोडं वाजवा, मी जोडते. नको म्हणाले. "परेडमदी जोड नस्तो." मंगळवारी दात काढले. त्याच आठवड्यात पट्टा पडला, कारखान्याने हंगामाचा शेवटचा भोंगा लांबलचक वाजवला, आणि गाव एकदम इतकं शांत झालं की धान्याच्या खोलीतल्या वाकळा उतरवताना मला रडू आलं.

राहिलं ते असं. पहिला, दुसरा आणि तिसरा सोबत निघतात. शेवटच्या बत्तीस पावलांपाशी पहिला अचानक नाहीसा होतो. दुसरा लांब सूर धरून उभा राहतो, आणि तिसरा, जो एवढा वेळ खाली दबलेला असतो, तो एकटा चालत शेवटाला पोहोचतो. मी ते कितीदा मोठ्याने लावून ऐकलंय त्याला गणती नाही, आईच्याही कानावर ते पडायचं. आप्पा ऐकायचे, पण तिथे आले की हेडफोन काढायचे.

काल भोंगा झाला, खिडकीचं ते असं झालं, आणि दुपारी मी कितीतरी दिवसांनी ते करडं सॉफ्टवेअर उघडलं. त्याची नवीन आवृत्ती आली होती. त्यात एक नवी सोय होती. तुम्ही तोंडाने नुसतं गुणगुणायचं, आणि जुन्या रेकॉर्डिंगमधल्या तुमच्याच वाद्याच्या आवाजात ते वाजून निघतं. मी दोनदा वाचलं. मग आप्पांना हाक मारली.

"खरं का काय?" वैरणीचे हात झटकत ते म्हणाले. "करून तर बगू." आणि बूट घालायला गेले.

कवळी लावून, पाय आपटत त्यांनी शेवटची बत्तीस पावलं माइकसमोर गुणगुणली. मधेच कवळी टकटकली, त्याला आम्ही दोघंही हसलो. यंत्राने मिनिटभर विचार केला. मग मी आवाज मोठा करून सगळी धून पहिल्यापासून लावली. पहिला चढत गेला, त्या जागेपाशी आला, आणि सुटला नाही. वर गेला, स्वच्छ, गोल, कुठेही न फाटता, आणि शेवटाला जाऊन थांबला. तो आप्पांचाच आवाज होता, शपथेवर सांगते.

आप्पांनी जिभेने कवळी चाचपली. मग म्हणाले, "ह्येला दात हायती." आणि तोंडभर हसले. "लाव परत."

तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकत असताना आई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आवं, शेवटाला माजं गानं कुटं गेलं?"

"तुजं कुटलं?" आप्पांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी सांगेन. मी नाही सांगितलं. मग तिने तिथेच, चौकटीला टेकून, आयुष्यात पहिल्यांदा आप्पांसमोर ते गुणगुणलं. तिसऱ्याची शेवटची बत्तीस पावलं, जिथे गप बसायचं तिथे बरोबर मोजून गप बसत. एक पाऊल चुकली नाही. "तुमी फौजेत हुता तवा ह्येच म्हनत हुते की मी," ती म्हणाली. "आता त्यो वरला कोन ओरडतोय, त्याच्यात ऐकूच यीना झालंय."

रस्त्यावरून हंगामातली पहिली ट्रॉली गेली, गाण्यासकट. आप्पा आईकडे बघत होते.

"पयल्याला शेवटाला गप कर," ते मला म्हणाले. आवाज बँडमास्तरचा होता.

मी पहिल्या रांगेतली ती बत्तीस पावलं बंद केली आणि धून पुन्हा लावली. आई पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यावर बसली. पहिला नाहीसा झाला, दुसरा उभा राहिला, तिसरा चालू लागला. आप्पांनी डोळे मिटले होते. बूट जमिनीवर पडत होता, आणि गुडघ्यावर त्यांची बोटं हलत होती. कुठल्या चाव्यांवर पडताहेत ते मी नीट बघितलं. ती तिसऱ्याची होती.